आधी साखळी मोजा

तासगाव तालुक्यात मणेराजुरीच्या अलीकडे एका मळ्यात तीन भावांचं एकत्र कुटुंब राहत होतं. द्राक्षाची बाग, दोन म्हशी, म्हातारी आई आणि सगळ्यांच्या वापरातली एकच मोटरसायकल. दीडशे सीसीची, फोर-स्ट्रोक, 70 हजार किलोमीटर पळालेली. थोरले आप्पा तिच्यावरून बेदाण्याच्या सौद्याला जात, मधला दत्ता औषधं आणायला आणि मजूर गोळा करायला, धाकटा विजय कॉलेजला. गाडी कुणाची असं विचारलं तर प्रत्येक जण ‘आमची’ म्हणायचा. तिचं ऑइल कुणी बदलायचं, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या सुमारास गाडी आवाज करू लागली. सकाळी सेल्फ मारला की इंजिनातून दोन-चार सेकंद खडखड यायची आणि थांबायची. दिवाळीनंतर ती थांबेनाशी झाली. गाडी जागेवर उभी असली की खडखड चालू. रेस वाढवली की आवाज कमी व्हायचा, सोडली की पुन्हा यायचा. दत्ता म्हणाला, “गाडी जुनी झाली, वाजणारच.”

त्याच हंगामात घरातही एक आवाज वाढला. थोरल्या वहिनी बोलू लागल्या.

वहिनी त्या घरात येऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांची तक्रार कुणी ऐकली नव्हती. ऐनवेळी चार माणसं जेवायला वाढली तरी भाकरी पुरायची. आईंची रक्तदाबाची गोळी चुकायची नाही. म्हशींची धार कुणाकडून राहिली, औषधाचा रिकामा पंप कुणी अंगणात तसाच टाकला, कुणी ताट न उचलता उठला, तरी संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी गेलेलं असायचं. ते कुणी नेऊन ठेवलं, याकडे कुणाचं लक्ष नसायचं. आता मात्र त्या भांडं आपटून ठेवायच्या. “मजूर किती हे सकाळी सांगायला तोंड दुखतं का?” असं ऐकू यायचं. “आज पण गोळ्या मीच द्यायच्या का?” असंही.

आप्पा भावांना म्हणाले, “हिला काय झालंय कुणास ठाऊक. सारखी किरकिर.”

घराने त्यावर उपाय काढला. भाकरी करायला गावातली एक बाई लावली. बाई सकाळी यायची, सांगितलेल्या भाकऱ्या थापायची आणि निघून जायची. भाकरीचं काम हलकं झालं, पण किती भाकऱ्या सांगायच्या हा प्रश्न वहिनींच्याच गळ्यात राहिला. आठ दिवस बरं वाटलं. नवव्या दिवशी भांडं पुन्हा आपटलं.

गाडीचंही तसंच झालं. दत्तानं ती गावातल्या एका गॅरेजला दाखवली. तिथल्या पोरानं कान लावला आणि म्हणाला, “टायमिंग चेनचा आवाज आहे. टेन्शनर गेलाय.” त्यानं सिलिंडरच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट खोलून जुना टेन्शनर काढला आणि नवा बसवला. जुना दत्तानं कागदात गुंडाळून डिकीत टाकला. नव्या स्प्रिंगच्या जोरावर काही दिवस आवाज दबला आणि महिनाभरात पुन्हा सुरू झाला.

दत्ता चिडून परत गेला. “नवा घालूनही वाजतोय. मला बाकी काही माहिती नको, आवाज बंद पाहिजे.”

गिऱ्हाइकानं जे मागितलं ते पोरानं दिलं. त्यानं लेथवर एक बोल्ट करून आणला, स्प्रिंगचा टेन्शनर काढून टाकला आणि त्या जागी तो बोल्ट पिळून बसवला. बोल्ट आतल्या पट्टीला दाबत राहिला, पट्टी साखळीला दाबत राहिली. वरून नट आवळून पक्कं केलं. खडखड जागच्या जागी बंद झाली. दत्ता खूश होऊन घरी आला.

त्याच आठवड्यात आप्पांनी जेवताना सगळ्यांसमोर बजावलं, “उद्यापासून या घरात आवाज नको. मजूर ऐकतात.” त्यानंतर वहिनी गप्प झाल्या. भांडं आपटणं थांबलं, बोलणं थांबलं, हसणंही थांबलं. आप्पा म्हणाले, “बघा, सांगितलं की होतं.”

गाडीची शांतताही टिकली नाही. खडखडीच्या जागी इंजिनातून एक बारीक घूं ऐकू येऊ लागली. रेस वाढली की ती चढायची. गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापायची. मग जानेवारीत एका थंडगार सकाळी विजयनं घाईघाईनं सेल्फ मारला, इंजिनातून फटकन आवाज आला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. सुरू झाली तेव्हा तिच्यात ओढ उरली नव्हती. चढाला दुसऱ्या गिअरमध्येही ती दम टाकत होती.

मग दत्तानं गाडी छोट्या टेम्पोत घातली आणि नानांकडे नेली.

नाना मिस्तरींचं गॅरेज तासगावच्या बाहेर, सांगलीच्या रस्त्याला. नाना शिकले येझदी आणि राजदूतवर. त्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्हच नसायचे, मग व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कुठला आणि कॅमची साखळी कुठली! बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण तिचे कॅम खाली क्रँकजवळ गिअरवर फिरायचे आणि तिथून लांब सळ्या वर जाऊन व्हॉल्व्ह हलवायच्या. 1985 साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली. तिच्या मागोमाग हेडमध्ये कॅम असलेल्या गाड्या गावोगाव झाल्या आणि क्रँकपासून हेडपर्यंत जाणारी बारीक साखळी मिस्तरी लोकांच्या ओळखीची झाली. नानांनी तेव्हापासून किती साखळ्या काढल्या-घातल्या, याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल.

दत्तानं आल्या आल्या सांगितलं, “नाना, टेन्शनर बदलला, बोल्ट घातला, तरी काही उपयोग नाही. तेवढा आवाज बंद करा.”

नाना म्हणाले, “आवाज तर तू बंद केलाच होतास की. म्हणून तर टेम्पोतनं आलास.”

त्यांनी पाना हातात घेतला नाही. एक डबा ओढून बसले आणि विचारत राहिले. आवाज पहिल्यांदा कधी आला? थंड असताना जास्त होता की तापल्यावर? रेस वाढवली की वाढायचा की कमी व्हायचा? चढाला यायचा का?

दत्ताला हे प्रश्न नवे होते. गॅरेजच्या पोरानं यातलं काही विचारलं नव्हतं आणि त्यानं स्वतःहून सांगितलं नव्हतं.

“इंजिनात चार जण वाजतात,” नाना म्हणाले. “टॅपेट ढिलं असेल तर हेडवरनं टिकटिक येते, रेस वाढेल तशी तीही भरभर होते, पण चुकत नाही. पिस्टन ढिला असेल तर थंड इंजिनात ठोकल्यासारखा जाड आवाज येतो आणि तापलं की बराचसा जातो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर चढाला, ओझ्याला खालनं ठकठक येते. आणि टायमिंग चेन ढिली असेल तर सुरू करताना, जागेवर उभी असताना आणि रेस सोडताना खडखड. चौघांची बोली वेगळी. नीट ऐकलं की कोण बोलतंय ते कळतं. तुझी चेनच बोलत होती. तो पोरगा ओळखण्यात चुकला नाही. पुढचं चुकला.”

मग त्यांनी ऑइलचा नट खोलला. भांड्यात पडलं ते ऑइल डांबरासारखं काळं होतं आणि असायला हवं होतं त्याच्या निम्म्यानं भरलं. नानांनी आतली जाळी काढून उजेडात धरली. जाळीला काळे चिवट कण चिकटले होते. त्यांनी एक कण बोटात चुरगळून दत्तापुढे धरला.

“हे गाइडचं रबर. तुझ्या बोल्टनं खाल्लेलं. स्प्रिंगचा टेन्शनर साखळीला हळू दाबतो, थोडं देणं-घेणं ठेवतो. बोल्ट ताठ. थंड इंजिनात पिळून बसवला, इंजिन तापलं, सिलिंडर वाढला, साखळी आणखी ओढली गेली. मग ती पट्टी खाते, गाइड खाते, दात खाते. ती घूं ऐकू येत होती ना, ती खाण्याचाच आवाज. आणि सगळं खाऊन झालं की साखळी परत ढिली. बोल्टला पुढं सरकायचं कळत नाही. मग एका सकाळी ती दातावरनं उडाली.”

“ऑइल कधी बदललं होतं?” त्यांनी विचारलं.

“आप्पांनी बदललं असेल.”

“फोन कर.”

आप्पा म्हणाले, विजयनं बदललं असेल. विजय म्हणाला, दत्तादादा नेहमी गॅरेजला जातो, त्यानं बदललं असेल. दत्तानं फोन खिशात ठेवला.

“म्हणजे कुणीच नाही,” नाना म्हणाले, आणि कामाला लागले.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरची टोपणं काढून त्यांनी क्रँक पान्यानं हळूहळू फिरवला आणि मॅग्नेटवरची टी खूण खाचेसमोर आणली. पिस्टन अगदी वर आला. दोन्ही टॅपेट हातानं हलतात का पाहिलं, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेत याची खात्री झाली. मग हेडवरचं झाकण काढलं. कॅमच्या चक्रावरची रेघ हेडच्या कडेला समांतर असायला हवी, ती एका दातानं सरकलेली होती. नानांनी दत्ताला वाकून बघायला लावलं.

“क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. यात कधी फरक पडायला नको. हजारो फेऱ्यांचा हिशेब ही साखळी सांभाळते. एक दात चुकली म्हणून ओढ गेली. अजून दोन दात चुकली असती तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला भिडला असता. मग हेडचं काम, पिस्टनचं काम. देवानं वाचवलं तुला.”

साखळी बाहेर आली. गाइडला मधोमध खोल खाच पडली होती. हलणाऱ्या पट्टीचं रबर एका ठिकाणी सोलून निघालं होतं. कॅमच्या चक्राचे दात एका अंगाला झुकले होते. क्रँकवरचे दात मात्र शाबूत होते. नानांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

“जुना टेन्शनर कुठाय? मूळचा?”

दत्तानं डिकीतून कागदाची पुडी काढून दिली. नानांनी टेन्शनर पुसून हातात घेतला. मधला रॉड पुरता बाहेर आलेला होता. रॉडच्या अंगाला बारीक दातांची रांग असते आणि एक खटका त्या दातांत अडकतो. त्यामुळे रॉड पुढे जाऊ शकतो, आपोआप मागे येत नाही. इथे खटका शेवटच्या दातावर होता.

नानांनी खटका दाबून रॉड अंगठ्यानं आत ढकलला आणि सोडला. स्प्रिंगनं रॉड दात मोजत बाहेर आला. प्रत्येक दातावर खटका चोख बसला. त्यांनी तसं दोन-तीनदा केलं आणि टेन्शनर दत्ताच्या तळहातावर ठेवला.

“यात काय खराब आहे, दाखव.”

दत्तानं उलटसुलट करून पाहिलं. दात तुटले नव्हते, स्प्रिंग ढिली नव्हती, रॉड अडकत नव्हता. “काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“कारण काहीच नाही. तो गेला नव्हता, टोकाला पोचला होता. साखळी थोडी झिजली की हा एक दात पुढं सरकायचा आणि ढिलेपणा आपल्या अंगावर घ्यायचा. परत झिजली, परत एक दात. इतकी वर्षं हे चाललं आणि तुला एकदाही आवाज आला नाही, म्हणून तुला वाटलं आत सगळं ठीक आहे. सगळं ठीक नव्हतं, हा सांभाळून घेत होता. शेवटच्या दातावर पोचला, पुढं जागाच उरली नाही, तेव्हा खडखड ऐकू आली. तुम्ही काय केलंत? त्यालाच काढून टाकलंत. नवा घातलात, तो पण एवढाच लांब. तो आल्या दिवशी टोकाला.”

“मग खराब काय झालं होतं?”

नानांनी भिंतीवरच्या एका खिळ्याला नवी साखळी अडकवली आणि तिच्या शेजारी जुनी. वरची टोकं एका रेषेत होती. खाली जुनी साखळी किंचित लांब लोंबत होती.

“पोलाद ताणलं कसं गेलं?” दत्तानं विचारलं.

“पोलाद ताणत नाही. कड्यांच्या पिना झिजतात. घाण ऑइलमध्ये लवकर झिजतात. बरं, मला यातली झिजलेली कडी काढून दाखव.”

दत्तानं साखळी दिव्याखाली धरली. एकेक कडी बोटानं हलवून पाहिली. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. कुठलीच तुटलेली नव्हती, कुठलीच वेगळी नव्हती. शेवटी त्यानं मान हलवली.

“नाहीच सापडणार,” नाना म्हणाले. “90च्या आसपास कड्या आहेत. एकेक पिन 0.03 मिलिमीटर झिजली असेल. केसाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही. कुठल्याही कडीला विचार, ती म्हणेल माझं काय चुकलं, मी तर केसभरही झिजले नाही. आणि ते खरंच आहे. पण 90 जणींची बेरीज कर, पावणेतीन मिलिमीटर होते. ती बेरीज कुठं जाऊन बसते? या एका रॉडवर. कड्यांपैकी कुणाचा आवाज येत नाही. आवाज येतो तो यानं सोडल्यावर. म्हणून लोक याला शिव्या देतात.”

दत्ता टेन्शनर हातात धरून बराच वेळ बसला. नानांनी काय म्हटलं ते त्याला कळलं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे गाडी नव्हती. भाकरीची बाई भाकऱ्या थापून गेल्यानंतरचं स्वयंपाकघर होतं, आणि आप्पांनी बजावल्यानंतरचं वहिनींचं जेवण. गेल्या महिन्याभरात त्या सगळ्यांच्या नंतर एकट्याच जेवत होत्या, हे त्यानं पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता.

नानांना त्या घरातलं काही माहीत नव्हतं. ते आपलं काम करत राहिले. नवी साखळी, नवं गाइड, नवी पट्टी, कॅमचं नवं चक्र. “यातलं एकच बदलायचं नाही,” ते म्हणाले. “झिजलेल्या दातावर नवी साखळी घातली तर दात तिला खातात.” त्यांनी दोन्ही खुणा जुळवून साखळी चढवली. टेन्शनर मात्र मूळचाच घेतला. रॉड खटका दाबून पुरता आत ढकलला, मग दोन बोल्टांवर टेन्शनर बसवला आणि शेवटी मधून स्प्रिंग सोडून टोपी आवळली. “रॉड बाहेर ठेवून बोल्ट आवळले तर पहिल्याच दिवशी साखळी मरते,” ते म्हणाले. आतून खटक्याचे दोन-तीन आवाज आले आणि रॉड आपल्या जागेवर थांबला. पुढची वाट आता त्याच्याजवळ शिल्लक होती.

सेल्फला हात न लावता नानांनी क्रँक पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे काही अडत नाही, याची हातानं खात्री केली. खुणा पुन्हा पाहिल्या. टॅपेट फीलर गेजनं मोजून लावली. मापात ऑइल भरलं. मग सेल्फ मारला.

गाडी सुरू झाली. दत्तानं कान लावला. आतून हलकी सरसर येत होती.

“अजून थोडा आवाज आहे,” तो म्हणाला.

“असणारच. साखळी फिरते, व्हॉल्व्ह हलतात, त्यांचा आवाज येतो. तब्येतीची गाडी मुकी नसते. मुकी झालेली गाडी दिसली की मी आधी बोल्ट शोधतो.”

निघताना नानांनी मोजक्या गोष्टी सांगितल्या. दर तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि बदललेली तारीख टाकीच्या झाकणाखाली चिकटवायची, म्हणजे कुणी बदललं हे विचारावं लागणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सरळ उभी करून ऑइलची पातळी बघायची. थंड इंजिनाला सुरू झाल्या झाल्या रेस द्यायची नाही, ऑइल वर हेडपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. आणि आवाज आला तर जाड ऑइल घालून तो दाबायचा नाही. जाड ऑइल आवाज लपवतं आणि थंड असताना वर पोचायलाही उशीर लावतं.

दत्ता घरी आला. रात्री सगळे जेवायला बसले. वहिनी वाढत होत्या, बोलत नव्हत्या. दत्तानं जुन्या साखळीचा तुकडा ताटाशेजारी ठेवला आणि नानांनी जे दाखवलं ते जसंच्या तसं सांगितलं. घराविषयी तो एक शब्द बोलला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, “मी माझ्यापासून सुरुवात करतो. मजूर किती येणार हे मला आदल्या रात्रीच माहीत असतं. मी सांगतो दुपारी बाराला. माझी केसभर झीज तेवढी.”

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं विजय म्हणाला, “मी डबा तसाच दप्तरात ठेवतो. रात्री वहिनी मागतात तेव्हा देतो.” दत्ताची बायको म्हणाली, “संध्याकाळची धार माझ्याकडे आहे. मालिका लागली की मी जाऊबाईंना हाक मारते. त्या उठतात.” आई म्हणाल्या, “गोळी कुठली ते मला वाचता येतं. मी उगीच हिला हाक मारते.” आप्पा सगळ्यात शेवटी बोलले. ते थोरले होते आणि त्यांच्याच तोंडून ‘आवाज नको’ हे शब्द गेले होते. ते म्हणाले, “माझी झीज केसभर नाही. मी बोल्ट पिळला.”

वहिनी वाढायच्या थांबल्या. त्या म्हणाल्या, “मला बाई नको होती. माझ्या जागी कुणी आणायला मी सांगितलं नव्हतं. किती माणसं जेवणार ते सकाळी आठच्या आत सांगा, एवढंच मी चार महिने सांगत होते.”

चार महिने त्या हेच सांगत होत्या. शब्द सगळ्यांच्या कानांवर पडत होते. सगळ्यांनी त्यांचं एकच नाव ठेवलं होतं, किरकिर.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी लागली. तिच्यावर रोज सकाळी आठच्या आत जेवणाऱ्यांचा आकडा लिहायचा, आणि तो दत्तानं लिहायचा. आईंच्या गोळ्यांची सात खणांची डबी आणली, ती रविवारी आप्पांनी भरायची. धार ज्याची त्यानंच काढायची. ताट ज्याचं त्यानं उचलायचं. यातलं एकही काम मोठं नव्हतं. कुणाला दिवसाची दहा मिनिटंही जास्त लागली नाहीत. पण त्या सगळ्यांमुळे मिळून वहिनींच्या दिवसातला बराच वेळ मोकळा झाला, आणि त्या पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसू लागल्या.

घर त्यानंतर गप्प झालं नाही. आकडा लिहायचा राहिला की वहिनी आजही बोलतात आणि चांगलं मोठ्यानं बोलतात. फरक इतकाच, की आता त्या बोलल्या की दत्ता पाटीकडे बघतो.

या कथेचा बोध गाडी चालवणाऱ्याला जितका उपयोगी, तितकाच घर, कचेरी, शाळा किंवा संस्था चालवणाऱ्यालाही. जिथे चार माणसं मिळून काम करतात, तिथे कुणीतरी एक जण इतरांचा ढिलेपणा मुकाट्यानं अंगावर घेत असतो. बाकीच्यांना तो दिसत नाही, कारण तो सांभाळतो तोवर काही बिघडलेलं दिसतच नाही. एक दिवस त्याची पोच संपते आणि तो बोलू लागतो. तेव्हा त्याला बदललं तर नवा माणूसही त्याच टोकाला जाऊन अडतो. त्याला दटावून गप्प केलं तर झीज आतल्या आत चालू राहते आणि शेवटी सगळ्यांचंच काम एका दातानं चुकतं. खोट शोधायला गेलं तर एकही कडी दोषी सापडत नाही, कारण प्रत्येकाची झीज केसाहून कमी असते. दोष बेरजेत असतो आणि ती बेरीज सगळ्यांची असते.

म्हणून वर्षानुवर्षं न बोललेलं माणूस बोलू लागलं, तर त्याच्या बोलण्याला किरकिर म्हणण्याआधी ते काय सांगतंय ते शब्दशः ऐका. त्याच्या जागी दुसरं माणूस आणण्याआधी साखळी मोजा, आणि मोजायला सुरुवात आपल्या कडीपासून करा.